लातूरला दिसतो तोच पडदा

नांदेडात लिनक्स वापरणारा मी एकटाच असेन असं नाही. एवढं मोठं शहर, इतकी कॉलेजं. कुठल्या तरी गल्लीत दुसरा कुणी बसलेला असणारच. पण मला तो अजून भेटलेला नाही. औषधांच्या ज्या एजन्सीत मी बिलिंग बघतो तिथं माझी ओळख 'ते लिनक्सवाले' अशी करून देतात, चहात साखर न घेणाऱ्या पाहुण्याबद्दल सांगावं तशी. त्यात अपमान नसतो. यांचं जरा वेगळं असतं, सांभाळून घ्या, एवढंच सांगायचं असतं.

सुरुवात नाइलाजातून झाली. माझ्या जुन्या कंप्युटरला नवं विंडोज झेपेना, आणि चांगला चालता कंप्युटर टाकून द्यायला माझं मन होईना. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघा, फुकट आहे. टाकायला गेलो तेव्हा कळलं की लिनक्स ही एकच वस्तू नव्हे. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, अशा शेकडो तऱ्हा. आतला गाभा तोच, वरचा संसार ज्याचा त्याचा. या तऱ्हांना डिस्ट्रो म्हणतात. त्यातली कोणती चांगली यावरून जगभरचे लोक इतक्या तावातावाने भांडतात की आमच्या भावकीत बांधावरूनही कुणी तेवढं भांडलेलं नाही. मी ती भांडणं रोज वाचायचो. मध्ये बोलायची हिंमत नव्हती, इंग्रजी तेवढं चालत नव्हतं.

मग मी एकेक डिस्ट्रो बघत सुटलो. रविवार आला की नवी पेनड्राइव्हवर घ्यायची, जुनी पुसायची, नवी टाकायची. दुपारपर्यंत मराठी कीबोर्ड बसवून, जोडाक्षरं नीट दिसतात का बघून, छानसा वॉलपेपर लावून मी मागे टेकून बसायचो. आता हे दाखवायचं कुणाला? खोलीत मी, एक गॅस, एक खाट. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसातले म्हणायचे, हा छंद आहे. छंद कसला आलाय! नवीन काही लावायला घेतलं की घरात कुणी नवीन माणूस राहायला आल्यासारखं वाटायचं, म्हणून मी ते करत होतो.

त्याच काळात गावी, नायगावला, आई आणि थोरला भाऊ माझ्यासाठी मुली बघत होते. चाळिशी जवळ आली होती. स्थळं येत होती ती मुख्यतः आईच्या चिवटपणामुळे.

लिनक्सची एक सोय मला फार आवडते. पेनड्राइव्ह लावून ते आधी नुसतं चालवून बघता येतं. कंप्युटरमधलं काही पुसलं जात नाही. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर काढून घ्या, दोघांचंही काही बिघडत नाही. बघण्याच्या कार्यक्रमाला असली सोय कुणी ठेवलेली नाही. अर्धा तास, चार पाहुणे, हातात एक बशी, आणि त्यावरून सगळं आयुष्य ठरवायचं.

मामांनी लातूरचं स्थळ आणलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आमची एसटी दुपारी पोचली. मुलीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बाप आणि लेक दोघंच. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. मुलगी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पोह्यांऐवजी सुशीला आली, चुरमुऱ्यांची, वर कोथिंबीर पेरलेली. मी ती नीट खाल्ली, सांडली नाही, याचं मला समाधान होतं.

दोघांना बोलू द्या म्हणून आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. तिथं टेबलावर एक जुना कंप्युटर धापा टाकत होता.

"तुम्ही कंप्युटरवरच काम करता ना?" ती म्हणाली. "मग याला काय झालंय सांगा. सकाळपासून नुसता फिरून राहिलाय. संध्याकाळपर्यंत मुलांचे मार्क भरायचेत मला."

दुसऱ्या कुणी 'बघतो नंतर' म्हणून विषय बदलला असता. माझ्या खिशात पेनड्राइव्ह होता. मुलगी बघायला जाताना खिशात पेनड्राइव्ह घेऊन जाणारा माणूस मी, हे आज लिहितानाही मला हसू येतं आणि माझाच राग येतो. मी तो लावला. पाचेक मिनिटांत स्वच्छ पडदा समोर आला. तिनं मार्क भरायची साइट लावून बघितली, साइट चटकन उघडली, आणि ती खुर्चीतच वळून म्हणाली, "अगोबाई, चाललं की हो!"

त्या क्षणी ती मला आवडली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मार्क भरून झाल्यावर ती म्हणाली, हेच कायमचं घालून द्याल का. तिच्या फाइली बाजूला काढून घेतल्या आणि मी मिंट टाकलं. स्वतःसाठी मी दर आठवड्याला रुसणाऱ्या डिस्ट्रो आणायचो, पण दुसऱ्याच्या घरात ठेवायची ती शहाणी, धीराची, वर्षानुवर्षं सांभाळली जाणारी हवी, एवढी अक्कल मला होती. बाहेर चहा गार होत होता. मामा दोनदा डोकावून गेले. तिनं विचारलं, "तुम्ही कोणतं वापरता?"

"या आठवड्यात फेडोरा."

"या आठवड्यात म्हणजे?"

मग मी सांगत सुटलो. किती वेळ बोललो कोण जाणे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण एकावर मन का बसत नाही तुमचं?"

"बसलं की करमत नाही," मी म्हणालो. विनोद केला होता. ती हसली नाही.

आठवड्याभरात मामांचा फोन आला. मुलीचं मन नाही. मी कारण विचारलं तर आधी टाळाटाळ केली, मग म्हणाले, "पोरगा चांगला हाय म्हणली. पन मानसापेक्षा मशीनशी जास्त बोलतो म्हणली." मला ते लागलं. तिचं चुकलं असतं तर इतकं लागलं नसतं.

आमच्याकडे नकार आला की त्या घराशी बोलणं संपतं. राग कुणाचा नसतो, पण पुढे एखाद्या लग्नात समोरासमोर आले तरी दोन्हीकडची माणसं मांडवाच्या सजावटीकडे बघायला लागतात. फोन करणं तर फारच लांबची गोष्ट. मुलाकडच्यानं केला तर लाज नाही म्हणतील, मुलीकडच्यानं केला तर पोरीच्या नावाला बट्टा.

आप्पांनी ही रीत मोडली. एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, त्यांच्या बटणाच्या फोनवरून फोन आला.

"पाव्हणं, राग न्हाई ना?"

"राग कसला आप्पा."

"मग एक इचारतो. त्यो कंप्युटर अपडेट करा, अपडेट करा म्हून लई मागं लागलाय. केलं की मधीच अडकतंय. पोरीला तुमाला इचार म्हणलं तर न्हाई म्हणती. मी म्हणलं, घालून दिलंय त्यानं, त्यालाच इचारावं."

मी त्यांना हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगत गेलो. एस, यू, डी, ओ. मग मोकळी जागा. ए, पी, टी. ते प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे आणि कीबोर्डवर शोधायला निघायचे. मागे कंप्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू यायची.

"आता पासवर्ड मागून राहिलाय."

"टाका."

"टाकून राहिलो की. काहीच उमटून न्हाई राहिलं."

"उमटत नाही आप्पा. त्याला आतून कळतं. तुम्ही टाका आणि एंटर मारा."

कळा शोधून दाबल्याची टकटक ऐकू आली. मग एकदम, "हाव! पळालं बगा! अक्षरं पळून राहिली!" इतक्या आनंदानं माझ्याशी त्याआधी कुणी बोललं होतं का, ते मला आठवत नाही.

तेव्हापासून रविवारची दुपार लातूरची झाली. कधी प्रिंटर रुसायचा, कधी आवाज जायचा, कधी भांड्यांच्या भावाचा कागद मराठीत टाइप करताना 'र्‍या' उमटायचा नाही. दूर बसून दुसऱ्याचा कंप्युटर चालवायची सॉफ्टवेअरं असतात, मला माहीत आहेत. त्यांच्या इंटरनेटला ती झेपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी फार आग्रहही केला नाही. बोलून जे काम तासाभराचं होत होतं ते दोन मिनिटांत उरकायची मला घाई नव्हती.

लेकीचं लग्न झालेलं त्यांनीच सांगितलं. उदगीरला दिली, जावई सरकारी नोकरीत. पत्रिका पाठवली नाही. अशा ठिकाणी पाठवतही नाहीत. मी अभिनंदन म्हणालो. त्या रविवारी प्रिंटर दुरुस्त झाला नाही, माझंच लक्ष नव्हतं. कंप्युटर तिनं नेला नाही, तो आप्पांकडेच राहिला.

यात माझी एक गोष्ट बदलली आणि ती मला उशिरा लक्षात आली. फोनवर सांगायचं तर आपल्यासमोर तोच पडदा हवा. डावीकडे खाली कोणतं बटण आहे, त्याचा रंग कोणता, दाबलं की काय उघडतं, हे बघून सांगावं लागतं. म्हणून मी माझ्याही कंप्युटरवर मिंट टाकलं. तीच आवृत्ती, तीच मांडणी, वॉलपेपरसुद्धा तोच, हिरव्या पानाचा. पुढच्या रविवारी नवीन काही टाकायला मन झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नव्या डिस्ट्रो येत होत्या, लोक भांडत होते, मी वाचेनासा झालो. ऑफिसातल्या एकानं विचारलं, का हो, हल्ली बदलत नाही? मी म्हणालो, ही बरी आहे. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. माझ्या आणि लातूरच्या एका घराच्या पडद्यात काही फरक नव्हता, आणि तो पडू द्यायचा नाही एवढंच मला हवं होतं.

त्या फोनशिवाय मला कुणी नव्हतं. आई तोपर्यंत गेली होती. नायगावला भावाकडे दिवाळीला जायचो, वहिनी नीट करायच्या सगळं, पण माझ्या येण्याजाण्यानं तिथं काही हलत नव्हतं. आठवड्यातून एकदा एका माणसाला माझी गरज लागायची. ती लागणं थांबलं तर माझ्या आठवड्याला अर्थ काय, हा प्रश्न मला सारखा पडायचा. आणि मी स्वतःहून फोन करू शकत नव्हतो. त्यांनी करायचा, मी उचलायचा, असंच ते चाललं होतं. नाकारलेल्या मुलानं काय म्हणून फोन करावा?

गेल्या उन्हाळ्यात मिंटच्या त्या आवृत्तीची मुदत संपली. पुढच्या आवृत्तीवर जायला हवं होतं. हे मोठं काम, मध्येच वीज गेली तर सगळंच बसायचं. मी आधी माझ्याकडे करून बघितलं, कुठं काय विचारतो ते ध्यानात ठेवलं आणि रविवारी आप्पांना सांगायला बसलो. सगळी दुपार गेली. मी अक्षरं सांगायचो, ते म्हणायचे, "हाव, मारलं." मी विचारायचो, "काय दिसतंय?" ते म्हणायचे, "फिरून राहिलंय." फिरत होतं तोवर आम्ही पितळेचे भाव, लातूरचं पाणी, त्यांचा गुडघा, असं सगळं बोललो. पंख्याची घरघर ऐकू येत नव्हती. मला वाटलं, फोन दुसऱ्या कानाला लावला असेल. शेवटी ते म्हणाले, "झालं बगा पाव्हणं. लई भारी दिसून राहिलं." एकही अडचण न येता अपग्रेड झालं होतं. माझ्याकडे तीन ठिकाणी अडकलं होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं.

मग दिवाळीनंतर फोन थांबला.

पहिल्या रविवारी वाटलं, गावाला गेले असतील. दुसऱ्या रविवारी मी जेवताना फोन ताटाजवळ ठेवला. पुढे पुढे मी मिंटच्या बातम्या शोधू लागलो, एखादं अपडेट खराब आलंय का, ज्यानं तो कंप्युटर अडेल आणि त्यांना मला विचारावं लागेल. खराब काही येत नव्हतं. इतकं नीट चालणाऱ्या डिस्ट्रोचा मला पहिल्यांदा राग आला. मीच तर निवडली होती. घरात बसून मी जोरात म्हणालो, "बिघड ना एकदा!" ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

संक्रांत होऊन गेली. एका रविवारी मी तो नंबर लावला. बायकी आवाजानं हॅलो म्हटलं. उभ्या आयुष्यात एकदा भेटलेलो, तरी मी आवाज ओळखला.

"आप्पा आहेत का? मी नांदेडहून…"

"ओळखलं," ती म्हणाली. "बरे आहात ना?"

तिनं सांगितलं. आप्पा जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन चालतात. दुकान बंद करून तिनं त्यांना उदगीरला आपल्याकडे आणलं. "खाणंपिणं सगळं बरं आहे. पण बोलत नाहीत हो. विचारलं तर हाव, न्हाई, एवढंच. आमच्या यांच्यासमोर तर तेही नाही."

आता मला कळलं. लेकीच्या सासरी बसून, जावयाच्या देखत, ज्याला लेकीनं नाकारलं त्या माणसाला आप्पा कसा फोन लावणार? माझ्यासाठी त्यांनी एकदा रीत मोडली होती, ती स्वतःच्या घरात. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि कंप्युटर लातूरलाच ठेवलाय का? फार दिवस बंद असेल तर…"

"कोणता कंप्युटर?"

"तोच. मिंटवाला."

"तो?" ती म्हणाली. "तो तर वीज पडली तेव्हाच जळाला. टीव्ही आणि तो, दोन्ही. दोन उन्हाळे झाले की. मी स्वतः भंगारात दिला."

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "रविवारी दुपारी ते तुमच्याशी बोलायचे का? शेजारच्या काकू खाली गल्लीतून बघून मला सांगायच्या, तुझे आप्पा खिडकीत बसून एकटेच ए पी टी, ए पी टी म्हणत असतात. आम्हाला वाटलं, वय झालं. मी डॉक्टरला विचारलं होतं हो."

अख्खी दुपार मी नसलेल्या कंप्युटरचं अपग्रेड केलं होतं. पासवर्ड टाका म्हणालो होतो, त्यांनी टाकला होता. फिरतंय का विचारलं, तर ते फिरवत बसले होते. कुठल्या पायरीला काय दिसतं हे इतक्या वर्षांत त्यांना पाठ झालं असणार, आणि मी, कंप्युटरच्या नोंदींमधली एक ओळ वाचून दोष सांगणारा, मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. मला रडू आलं. फोन तोंडापासून लांब धरला, तिला कळू नये म्हणून.

"काही काम होतं का?" तिनं विचारलं. मागे टीव्हीचा आवाज होता, लहान मूल काहीतरी मागत होतं. तिचं भरलेलं घर. त्या घरात माझ्या फोनला काहीतरी कारण असायला हवं होतं, आणि ते तिलाही हवं होतं, हे मला तिच्या विचारण्यावरून कळलं.

"हो, कामच होतं," मी म्हणालो. "माझा कंप्युटर बंद पडलाय. आप्पांना विचारायचं होतं."

पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं. "आप्पा, नांदेडहून फोन आहे. त्यांचा कंप्युटर बिघडलाय म्हणतात, तुम्हालाच विचारायचंय." मग बराच वेळ नुसती खुसफुस, काठी कुठंतरी ठेवल्याचा आवाज, आणि घसा खाकरणं.

"बोला पाव्हणं," आप्पा म्हणाले. "काय दिसून राहिलं पडद्यावर?"

मी पडद्याकडे बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

"काहीच नाही आप्पा. सगळा अंधार आहे."

"घाबरू नका," ते म्हणाले. "मी हाय लाइनवर. निवांत सांगतो."